गोड्या पाण्याची काळी बाटली

गेल्या ऑक्टोबरात, पाऊस सरून उकाडा सुरू झाला तेव्हा, आमच्या माजघरातील फळीवर मी पाणी तपासण्याच्या तीन लहान बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. एकीत ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी होते, दुसरीत देवळाजवळच्या सार्वजनिक विहिरीचे आणि तिसरीत आमच्या परसातील विहिरीचे. तिन्ही पाणी डोळ्यांना सारखेच नितळ दिसत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चहाचे आधण ठेवायला उठले, तेव्हा तिसरी बाटली शाईसारखी काळी झाली होती. ज्या विहिरीचे पाणी मुंबईचे पाहुणे परतताना कॅन भरून नेतात तिचीच बाटली काळी व्हावी, आणि ज्या नळाच्या पाण्याला सगळा गाव नावे ठेवतो त्याची बाटली फिकट पिवळी राहावी, हे मला त्या क्षणी अपमानासारखे वाटले. सासूबाईंनी चष्मा लावून बाटली उजेडात धरली, पुन्हा फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "काळी झाली ती बाटली. विहीर नाही."

आमचे गाव दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर आहे. समोर समुद्र, मग पुळण, पुळणीला लागून नारळी-पोफळीची आगरे, आगरांच्या डोक्याशी घरे, घरांमधून जाणारा एकच रस्ता आणि रस्त्यापलीकडे लगेच चढत जाणारा जांभ्याचा डोंगर, अशी त्याची रचना आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतका पाऊस पडूनही एप्रिल महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. पण जांभा सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहे, आणि पडलेले पाणी पऱ्ह्यांतून व खडकातून वाट काढत समुद्राकडे जायला फार दिवस लावत नाही. खालच्या पट्टीत मात्र तसे नव्हते. आगरातल्या वाळूत पंधरा-वीस फूट खणले की पाणी लागे, तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि तरीही गोडे.

लहानपणी शाळेच्या सहलीत मी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेले होते. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना त्यांचे पाणी गोडे आहे. हे सांगताना वाटाड्याचा आवाज आपोआप खाली येतो, जणू देवाचीच गोष्ट चालली आहे. पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर त्या गोष्टीमागचे तत्त्व कळले आणि गंमत म्हणजे त्यामुळे ती अधिकच अद्भुत वाटू लागली. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडेसेच, म्हणजे शेकडा अडीचने जड असते. त्यामुळे वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका डच अभियंत्याने आणि पुढे १९०१ साली एका जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे मांडलेला हिशोब असा आहे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर सपाटीखाली चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते. हाच हिशोब उलटा वाचला की भीती वाटते. वरची पातळी एक फुटाने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ पाहते.

आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. बैल जितके ओढील तितकेच पाणी निघे आणि बैलालाही दुपारी विसावा लागे. पुढे विजेचा पंप आला आणि विसाव्याचा प्रश्नच उरला नाही. शिवाय कोकणचा मे महिना विचित्र आहे: विहिरीची पातळी सगळ्यांत खाली असते तेव्हाच चाकरमानी येतात, लग्ने असतात, आंबे उतरतात आणि अलीकडे पर्यटकही येतात. समुद्राच्या बाजूच्या दोन-तीन आगरांतील विहिरी त्यामुळे मे महिन्यात मचूळ होऊ लागल्या. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे शंभर तांबे पाण्यात दोन तांबे समुद्र मिसळला तरी क्लोराइड लिटरमागे ३८० मिलिग्रॅमच्या घरात जाते, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा २५० आहे. हे आकडे गावात कोणाला ठाऊक नव्हते, पण विहिरी मचूळ झाल्याचे मात्र सगळ्यांना लगेच कळले. तूरडाळ शिजेना, साबणाला फेस येईना, चहाची चव गेली. तज्ज्ञाला बोलवावे लागले नाही, जिभेनेच निकाल दिला.

या जिभेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आमची फसगत तिनेच केली. किनाऱ्यावरच्या माणसाकडे पाण्यासाठी शब्दांची मोठी शिदोरी आहे. गोडे, मचूळ, खारे, जड, हलके, गढूळ, नितळ, निवळलेले. प्रत्येक शब्दामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि बहुतेक शब्दांचा रोख एकाच शत्रूवर आहे, तो म्हणजे मीठ. दिसायला नितळ, चवीला गोडे आणि तरीही आजारी पाडणारे, अशा पाण्यासाठी मात्र वेगळे विशेषण नाही. "पाणी बाधले" असे आम्ही म्हणतो, पण ते कधीही घरच्या पाण्याविषयी म्हणत नाही. बाधते ते परगावचे पाणी. आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींना सलग दोन उन्हाळ्यांत जुलाब झाले, तेव्हाही आम्ही म्हणालो की शहरातल्या माणसांना पाणी बाधले, त्यातून आंबे जरा जास्तच खाल्ले असतील. स्वतः आम्हांला काही होत नव्हते, हाच आम्ही विहिरीच्या शुद्धतेचा पुरावा मानला होता. वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्याच्या आतड्यांना सवय झालेली असते, ही गोष्ट मी वर्गात मुलांना शिकवलेली होती. घरी मात्र ती मला आठवली नाही.

नळाचे पाणी या सगळ्यानंतर आले, म्हणून त्याच्या वाट्याला सावत्र वागणूक आली. गावात जुनी नळयोजना होती, पण तिचे नळ चार कोपऱ्यांवर होते; घरोघरी तोटी आली ती जल जीवन मिशनमधून. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या योजनेत ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवलेले आहे. आमच्या योजनेची उद्भव विहीर नदीच्या काठी आहे. तेथून पाणी पंपाने डोंगराच्या पायथ्यावरील साठवण टाकीत चढते आणि टाकीतून उताराने गावात येते. सरकारी कागदातला हा 'उद्भव' शब्द मला फार आवडतो. इतक्या रुक्ष कागदात एवढा सुंदर शब्द क्वचितच सापडतो.

नळाच्या पाण्याविषयी गावाच्या दोन तक्रारी आहेत: ते लाल असते आणि त्याला औषधाचा वास येतो. लाल असते हे खरे आहे. जांभ्यातून झिरपणारे पाणी आपल्याबरोबर लोह आणते. विहिरीत असताना ते विरघळलेले असल्याने दिसत नाही, पण हवा लागली की तांबूस गाळ होऊन बादलीच्या तळाशी बसते. पांढऱ्या लुगड्यावर डाग पडतात आणि चहा काळपट होतो, कारण चहातील तुरट द्रव्याशी लोहाची जोडी जमते. दिसायला हे वाईट आहे, पण आमच्या पाण्यात आढळले तेवढ्या लोहाने प्रकृतीला धोका नाही. वासाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. तो वास टीसीएल पावडरचा, म्हणजे क्लोरीनचा. ज्या दिवशी तो येत नाही, खरे तर त्या दिवशी तक्रार करायला हवी.

पाणी सोडणारे काका रोज सकाळी टाकीवर चढतात आणि हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशोबाने पावडर कालवून, तिची निवळी टाकीत ओततात. नंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचे नसते, कारण क्लोरीनला जंतूंशी गाठ पडायला वेळ लागतो. मग शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी करायची. परीक्षानळीत औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, आणि पिवळेपणावरून लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ठरते. टाकीजवळच्या घरी चाचणी करून उपयोग नसतो. वाटेत किती घाण भेटली आणि किती क्लोरीन खर्च झाले, हे शेवटच्या घरीच कळते. मी काकांबरोबर दोन-तीन वेळा फिरले. कोकणातल्या दमट हवेत पोत्यातली पावडर महिन्याभरात उतरते, मग पाच ग्रॅमऐवजी किती घालायची हे ते वासावरून ठरवतात. साऱ्या गावाची प्रकृती एका माणसाच्या नाकावर चालते, हे त्या दिवशी लक्षात आले. त्यांचे मानधन एका शाळकरी मुलाच्या महिन्याच्या शिकवणीच्या पैशाहून फारसे जास्त नसावे, आणि तेही पाणीपट्टी वसूल झाली तर. पाणीपट्टी थकवणाऱ्यांत आम्हीही होतो, कारण आमच्याकडे गोड्या पाण्याची विहीर होती.

नळाची खरी दुखणी लाल रंगात किंवा वासात नाहीतच. पाणी दिवसाआड पाऊण तास येते; उरलेला सगळा वेळ नळी रिकामी पडून असते. भरलेल्या नळीतून पाणी बाहेर गळते, पण रिकाम्या नळीत बाहेरचे पाणी आत शिरते आणि आमच्या रस्त्यावर ही नळी दोन ठिकाणी गटारातून गेलेली आहे. त्यातून कोणी नळाला थेट टुल्लू पंप लावला, तर तो शेजाऱ्याचे पाणी ओढतोच, शिवाय प्रत्येक फटीतून गटारही ओढतो. म्हणून पाणी आल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या झाडांना घालाव्यात, असे काका सांगत असतात. सगळे माना डोलावतात आणि पहिल्याच धारेला हंडा लावतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या विहिरीच्या अभिमानाला सर्वांत मोठे बळ मिळाले. विजेचे खांब झोपले, आगरे आडवी झाली आणि आमच्या वाडीत तीन आठवड्यांहून अधिक काळ दिवा लागला नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळ नाही. माळ्यावरचे दोर आणि कळश्या खाली आल्या, आणि आमच्या विहिरीवरून निम्म्या वाडीने पाणी नेले. सासूबाई काठावर बसून असत आणि येणाऱ्या प्रत्येकीला विहीर कोणी बांधली ते सांगत. त्या दिवसांत मी कितीतरी वर्षांनी विहिरीत डोकावून पाहिले. पंप बसल्यापासून कोणी डोकावतच नव्हते. पूर्वी दिवसातून दहा वेळा पोहरा सोडताना पाण्याची पातळी, रंग, पडलेले पान, मेलेला बेडूक, सगळे आपोआप दिसे. आता स्वयंपाकघरातील तोटी फिरवली की आमची विहीरसुद्धा एक नळच झाली होती, फरक एवढाच की या नळामागे टाकीवर चढणारे कोणी काका नव्हते.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देतात. निवृत्तीनंतर मी त्या पाचांत नाव दिले, ते बरेचसे हौसेपोटी. तपासणीच्या पेटीतील बऱ्याच चाचण्या शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण करून देणाऱ्या आहेत: थेंब मोजायचे, रंग बदलला की थांबायचे, तक्त्याशी रंग जुळवायचा. काळ्या होणाऱ्या बाटलीचे तत्त्वही सोपे आहे. आतड्यांतील घाण पाण्यात आली की तिच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करणारे जिवाणूही येतात. बाटलीतल्या खाद्यावर ते वाढतात आणि त्यांचा वायू बाटलीतील लोहाशी मिळून काळा होतो. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उबेत ठेवायचे, एवढेच काम. अर्थात ही चाचणी म्हणजे संशय आहे, निकाल नव्हे. मातीतल्या काही जिवाणूंनीही बाटली काळी होऊ शकते. सासूबाईंच्या बाजूने मीच हा मुद्दा मांडला आणि निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन, बर्फाच्या डब्यात ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवला. अहवालात ई. कोलाय, म्हणजे आतड्यांतील घाणीची खूण असलेले जिवाणू, हजर होते. १०० मिलिलिटरमध्ये ते एकही असता कामा नये, असे मानक सांगते.

मधल्या काळात यजमानांनी जलशुद्धीकरण यंत्राच्या एका विक्रेत्याला बोलावले. त्याने लेखणीसारखे उपकरण विहिरीच्या पाण्यात बुडवले, ११० आकडा दाखवला आणि पाणी उत्तम असल्याचे सांगितले. मग नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या सोडून ते मिनिटाभरात तपकिरी करून दाखवले. तपकिरी झाले होते ते त्या कांड्यांच्या लोखंडाने. मी मीठ घातलेल्या उकळलेल्या पाण्यात तोच प्रयोग करायला लावला, तेव्हा त्याने चहा घेतला आणि तो गेला. त्या लेखणीला विरघळलेले क्षार तेवढे कळतात, म्हणजे तीही आमच्या जिभेचीच बहीण. ज्या पाण्यात असे क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओ यंत्रांना मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सुचवले होते, पण तरीही गावात दारोदार ती यंत्रे विकली जातच आहेत.

घाण कोठून आली हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. २०१७ साली पर्यटकांसाठी आम्ही मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आणि त्यांच्या संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून बावीस फुटांवर खणला. खणताना मी तेथेच उभी होते. गवंड्याला लिंबाचे सरबत मीच दिले होते. खड्डा आणि विहीर यांत निदान पन्नास फूट, म्हणजे पंधरा मीटर अंतर असावे, हे त्या वेळी कोणी बोलले नाही आणि मलाही आठवले नाही. वाळूतून पाणी झपाट्याने मुरते, म्हणून तर आमच्याकडे शोषखड्डा कधी तुंबत नाही आणि आम्ही त्याचेही कौतुक करतो. तो खड्डा डोंगराच्या बाजूला आणि विहीर समुद्राच्या बाजूला; जमिनीखालचे पाणी नेमके त्याच दिशेने वाहते. पाहुण्यांना जे जुलाब झाले ते आंब्यांचे नव्हते, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही, पण आंब्यांना दोष देण्याचा अधिकार आता आमच्याकडे राहिलेला नाही.

आम्ही तो खड्डा बुजवला आणि रस्त्याच्या बाजूला बंदिस्त टाकी बांधली. विहीर उपसली, पावडर टाकली, पुन्हा उपसली. पिण्यासाठी नळाचे पाणी उकळून घेऊ लागलो आणि थकलेली पाणीपट्टी भरली, तेव्हा ग्रामपंचायतीतील मुलीने पावती फाडताना दोनदा नाव विचारले. सासूबाई आता उकळलेले पाणी पितात, पण देवपूजेची कळशी विहिरीचीच असते. मी त्याविषयी एकदा बोलले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "देवाला कावीळ होत नाही."

शेजारीपाजारी हे सांगणे मात्र विहीर उपसण्यापेक्षा कठीण गेले. आमच्याकडची आगरे रस्त्यापासून समुद्रापर्यंत लांबच लांब असतात, पण रुंदीला वाटण्या होत होत ती चाळीस-पन्नास फुटांवर आली आहेत. प्रत्येक आगरात एक विहीर, एक घर आणि आता दोन-चार खोल्या. स्वतःच्या विहिरीपासून पन्नास फूट दूर जायचे म्हटले, तर खड्डा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ जातो. नियम पाळायला जागाच नाही, अशी ही जमीन आहे, आणि म्हणूनच सगळ्यांची मिळून एक सांडपाण्याची व्यवस्था व्हायला हवी, असे मी ग्रामसभेत मांडले. त्यावर एकाने विचारले की, बाटली काळी झाल्याचे बाहेर कळले तर पर्यटक येतील का? प्रश्न त्याच्या जागी खोटा नव्हता. त्याचे कर्ज मला ठाऊक आहे.

फेब्रुवारीत मी पुन्हा तीन बाटल्या फळीवर ठेवल्या. अठ्ठेचाळीस तासांनंतर तिन्ही फिकट पिवळ्या होत्या आणि सासूबाईंनी तिसऱ्या बाटलीला कुंकवाचे बोट लावले. त्याच आठवड्यात शेजारच्या आगरात मे महिन्यापूर्वी उभ्या करायच्या दोन खोल्यांसाठी चुना टाकून आखणी झाली. संध्याकाळी तेथे कोणी नसताना मी कुंपणाजवळ जाऊन, चौकोनाच्या ज्या कोपऱ्यावर 'संडास' असे लिहिले होते तेथपासून आमच्या विहिरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. अकरा पावले भरली. परत आले तेव्हा सासूबाई पडवीत उभ्या होत्या.

"किती भरली?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने पायांत चपला घालून, काठी घेऊन, शेजाऱ्यांच्या घराकडे चालू लागल्या.